कव्हर न बघता



नानांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलावलं तेव्हा आयोजकांनी विषय मुद्दाम मोकळा ठेवला होता. नाना पेटीवाले, मी त्यांचा विद्यार्थी, म्हणजे मी फार तर गोविंदराव टेंब्यांवर बोलेन, नाहीतर पी. मधुकरांवर, असा त्यांचा हिशोब असणार. मी फोन करून कळवलं, "दिनू लिपाटी." पलीकडे जरा शांतता. मग विचारणा झाली, "हे डोंबिवलीतच असतात का?"

चूक त्यांची नाही. आपल्या फडके रोडवर उभं राहून मोठ्यानं 'दिनू' अशी हाक मारली तर साठीच्या पुढचे चार गृहस्थ तरी पिशवी सांभाळत मागे वळतील. एखादा दिनकर, एखादा दीनानाथ. हा दिनू मात्र रुमानियाचा. पाळण्यातलं नाव कॉन्स्टँटिन, त्याचं लाडाचं रूप दिनू. तो पियानो वाजवायचा आणि २ डिसेंबर १९५० ला जिनिव्हात वारला तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. त्यानं वाजवलेलं रेकॉर्डवर उरलेलं सगळं एकत्र केलं तर पाच-सात सीडींत मावेल. आमच्या क्लासमध्ये नानांकडून ज्या माणसाबद्दल सगळ्यांत जास्त ऐकलं, तो हा.

नाना रेल्वेत कारकून होते. सकाळी डोंबिवली-व्हीटी, संध्याकाळी व्हीटी-डोंबिवली, आणि घरी आल्यावर टिळकनगरातल्या दोन खोल्यांमधली बाहेरची खोली म्हणजे क्लास. त्या खोलीत एचएमव्हीचा फिएस्टा प्लेयर होता. महिन्यातून एका रविवारी पेटी बंद आणि रेकॉर्ड चालू. रेकॉर्डी कुठून आणायचे हे गूढ नव्हतं. चोरबाजारात जुन्या एलपींच्या चळती असत, त्यातून निवडून आणायचे आणि काकूंना किंमत निम्मी सांगायचे. पण ऐकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. कव्हर ते वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवत. कोण वाजवतंय ते आधी सांगायचं नाही. ऐकून झालं की प्रत्येकानं सांगायचं, काय ऐकू आलं. "छान आहे" म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी चहा नाही.

अशाच एका रविवारी त्यांनी पियानो लावला. आम्ही सगळे पेटीवर वाढलेलो. आमच्यापैकी एक जण म्हणाला, "नाना, हा माणूस आधी सूर तपासतोय." नाना खूश झाले. कारण खरंच, रेकॉर्डच्या सुरुवातीला रचना सुरू व्हायच्या आधी पियानोवर खालपासून वरपर्यंत एक झुळूक येते. नुसते सूर उकलत जातात, क्षणभर थांबतात, आणि मग बाखची रचना सुरू होते. भर मैफिलीत, लोक गप्प बसलेले असताना, वादकानं पट्ट्यांवरून एकदा हात फिरवून घेतला होता. आपला पेटीवाला गवयाचा सूर लागायच्या आधी फिरवतो तसा. ही रेकॉर्ड १६ सप्टेंबर १९५० च्या मैफिलीची. पण तिच्याकडे मी नंतर येतो.

लिपाटीचं घर बुखारेस्टमधलं, खात्यापित्या लोकांचं. वडील व्हायोलिन वाजवायचे, सारासातेसारख्या नावाजलेल्या वादकाकडे शिकलेले. आई पियानो वाजवायची. मुलाचा बाप्तिस्मा लांबवला होता, त्यामुळे तो पियानो वाजवण्याएवढा मोठा झाल्यावरच झाला आणि त्या दिवशी पाहुण्यांना त्यानं मोझार्टचा मिन्युएट वाजवून दाखवला. स्वतःच्याच बारशाला स्वतःच वाजवणारा मुलगा आपल्याकडे असता तर एव्हाना त्याची आरती छापून झाली असती. धर्मपिता होते जॉर्जे एनेस्कु, रुमानियाचे सर्वांत मोठे संगीतकार. हेच एनेस्कु पुढे लहानग्या येहुदी मेनुहिन या व्हायोलिनवादकाचे गुरू. मेनुहिन १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले, मुंबईतही वाजवून गेले, आणि रविशंकरांशी त्यांची मैत्री जुळली. म्हणजे गुरुबंधू नाही म्हटलं तरी या दिनूच्या घराण्याचा एक माणूस आपल्या दारी येऊन गेला होता.

घराणं हा शब्द मी सहज वापरला नाही. तब्येत नाजूक म्हणून दिनूचं शाळेचं शिक्षण घरीच झालं, पण पियानोसाठी त्याला ज्या बाई मिळाल्या त्या फ्लोरिका मुझिचेस्कु. भयंकर कडक. एक ओळ महिनाभर घासून घेणाऱ्या. पुढे कितीतरी वर्षांनी याच बाईंच्या हाताखाली आणखी एक रुमानियन मुलगा शिकून गेला, राडू लुपू. १९६९ साली त्यानं लीड्सची स्पर्धा जिंकली. लुपू मैफिलीत पियानोच्या नेहमीच्या बाकावर बसायचा नाही, पाठ असलेल्या साध्या खुर्चीवर बसायचा. ऑफिसात बसतो तसा. मुलाखती द्यायचं त्यानं बंद केलं, रेकॉर्डिंगही सोडून दिलं, आणि २०२२ मध्ये वारला. यांच्याआधीची क्लारा हास्किल, तीही बुखारेस्टचीच, पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं आयुष्यभर वाकलेली, दिनूची जिवाभावाची मैत्रीण. तिघांचं वाजवणं तीन तऱ्हांचं. पण हात दाखवायची हौस तिघांनाही नाही. श्रोत्यांना चकित करावं असं यांच्या मनातच येत नाही. घराणं ओळखायला मला एवढं पुरतं.

१९३३ साली व्हिएन्नात मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. दिनू सोळा वर्षांचा. पहिला नंबर पोलंडच्या बोलेस्लाव कोनला, दिनूला दुसरा. परीक्षकांत आल्फ्रेड कोर्तो होते, फ्रान्सचे थोर पियानोवादक. निकाल त्यांना इतका अमान्य झाला की त्यांनी परीक्षकपदाचा राजीनामा दिला आणि मुलाला पॅरिसला आपल्या संस्थेत बोलावून घेतलं. आपल्या आंतरशालेय स्पर्धांचे परीक्षक आठवा. दुसऱ्या नंबरासाठी एवढा जीव कोण टाकतो?

पॅरिसमध्ये कोर्तो, नादिया बुलांझे, पॉल द्युका, अशी शिकवणारी मंडळी. द्युका १७ मे १९३५ ला वारले. तीन दिवसांनी दिनूची पॅरिसमधली पहिली जाहीर मैफल होती. गुरूला श्रद्धांजली म्हणून त्यानं आधी बाखची एक प्रार्थना वाजवली. मूळ ती समूहगायनाची, एका कँटाटामधली. मायरा हेस या इंग्लिश बाईंनी ती पियानोवर आणली होती. चार मिनिटांचीही नाही. उजव्या हाताला एक न थांबणारी तीन-तीन सुरांची गुंफण, आणि मधूनच तिच्यात उगवणारी संथ चाल, जणू देवळात कोणी दुसरंच गातंय. ही प्रार्थना लक्षात ठेवा.

एक अवांतर. त्याच पॅरिसमध्ये तेव्हा ब्रांकुशी राहत होता, तोही रुमानियाचा, शिल्पकार. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी त्याच्याकडून आकाशात झेपावणाऱ्या पक्ष्याची तीन शिल्पं घेतली आणि त्यांच्यासाठी एक मंदिर बांधायचं ठरवलं. ब्रांकुशी त्यासाठी १९३७ च्या अखेरीस इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. मराठी राजा आणि रुमानियन कारागीर यांची अशी गाठ पडली होती, एवढंच सांगायचं होतं. होळकरांनी कधी दिनूला पॅरिसमध्ये ऐकलं असेल का, हा विचार मला लोकलमध्ये उभ्यानं प्रवास करताना बऱ्याचदा येतो. त्याचा उपयोग काहीच नाही.

आता थोडं पियानोबद्दल, कारण पेटीवाल्यांना त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेटीचं काय असतं? पट्टी दाबून धरा, भाता चालू ठेवा, सूर तुम्ही म्हणाल तेवढा वेळ उभा. भात्यावर जोर वाढवा, फुगेल. सोडा, उतरेल. सुरावर तुमची मालकी आहे. नाही ती फक्त मींड. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि एवढ्यासाठीच आपल्या वाद्याला केवढे बोल खावे लागले! १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला आकाशवाणीवर बंदी होती, हे तुम्हाला माहीतच आहे. टेंबे, पी. मधुकर, पुढे तुळशीदास बोरकर, या सगळ्यांचं आयुष्य एका अर्थी या आरोपाला उत्तर देण्यात गेलं, आणि त्यांनी ते शब्दांत दिलं नाही. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला वाटलं, चला, अपील मंजूर झालं.

पियानोवाल्याची अडचण आपल्याहून मोठी आहे. पट्टी दाबली की आत नमद्यानं मढवलेली एक छोटी हातोडी तारेवर आपटते आणि ताबडतोब मागे सरते. ती तारेला लागायच्या आधीच तुमच्या बोटापासून सुटलेली असते. म्हणजे सूर उमटला त्या क्षणी तो तुमच्या ताब्यातून गेला. मग पट्टी कितीही दाबा, कुरवाळा, डोळे मिटा, काही फरक पडत नाही. भाता नाही की गज नाही. आणि सूर जन्मल्या जन्मल्या विझायला लागतो. अशा वाद्यावर गाणं म्हणायचं म्हणजे काय? पहिला सूर विझत विझत जिथे आला असेल, नेमका तेवढ्याच वजनाचा दुसरा सूर त्याच्या शेजारी ठेवायचा. तसूभर जास्त झालं की चाल तुटते, कमी झालं की सूर हरवतो. हे दर सुराला, दोन्ही हातांत, दहा बोटांत. मोठ्या मैफिलीच्या पियानोचं वजन ५०० किलोच्या आसपास असतं, आणि सगळी करामत काही ग्रॅमांच्या फरकावर चाललेली असते.

लिपाटीचं वाजवणं ऐकताना मी पहिल्यांदा हे विसरलो की सूर विझतोय. नानांचं याला एक साधं वाक्य होतं, "याच्या हातात भाता आहे."

युद्ध आलं तसा तो रुमानियात परतला होता. १९४३ मध्ये एनेस्कुंबरोबर त्यानं त्यांच्याच व्हायोलिन सोनाटा रेकॉर्ड केल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मॅडलिनबरोबर देश सोडला. ती स्वतः पियानोवादक, पुढे त्याची बायको. मैफिलींचं निमित्त करत स्कँडिनेव्हियामार्गे दोघं जिनिव्हाला पोचली. तो पुन्हा कधी बुखारेस्टला गेला नाही. जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवण्याची नोकरी मिळाली, आणि दुखणंही तिथेच वर आलं. लसिका ग्रंथींचा कर्करोग, हॉजकिन्स. आज या आजारातून बहुतेक रोगी बरे होतात. परळला टाटा रुग्णालयात जाऊन औषधं घेऊन पुन्हा कल्याण लोकल पकडणारी माणसं तुमच्या-माझ्या इमारतीत आहेत. तेव्हा तसं काही नव्हतं.

लंडनचे वॉल्टर लेग हे कोलंबिया रेकॉर्ड्सचे निर्माते. त्यांच्याशी १९४६ मध्ये करार झाला आणि पुढच्या चार वर्षांत जे काही ध्वनिमुद्रित झालं ते झालं. ग्रीगचा कन्चेर्टो १९४७, शुमानचा १९४८, तो कारायानच्या संचालनाखाली. लेगनी लिहून ठेवलंय की बेथोव्हनचा पाचवा कन्चेर्टो करा म्हटलं तर लिपाटीनं तयारीला चार वर्षं मागितली, चायकोव्हस्कीचा करा म्हटलं तर तीन. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला! आणि ताप अंगात असताना.

नाना ही गोष्ट दर परीक्षेच्या आधी सांगायचे, त्यामुळे आमच्या क्लासचे निकाल नेहमी वाईट लागले. मी स्वतः तिच्याकडे पूर्वी नम्रता म्हणून बघायचो. आता तसं वाटत नाही. चार वर्षं मागणारा माणूस नम्र नसतो, चांगलाच हट्टी असतो. आपल्याकडे एवढा वेळ नाही हे त्याला माहीत होतं, लेगनाही माहीत होतं. तरी त्यानं दर वाढवला नाही आणि माल हलका केला नाही. तो बेथोव्हन राहूनच गेला, आणि माझा त्याबद्दल लिपाटीवर थोडा राग आहे. दोन वर्षांत केला असतास तर आमच्याकडे काहीतरी असतं की रे!

त्याच काळात आपल्याकडे कुमार गंधर्व देवासला क्षयानं अंथरुणाला खिळून होते. पाच-सहा वर्षं गाणं बंद. त्यांच्यापर्यंत स्ट्रेप्टोमायसिन पोचलं आणि कुमार परत आले, आणि पहिल्याहून वेगळे आले. लिपाटीलाही १९५० मध्ये नवं औषध मिळालं, कॉर्टिझोन. त्याच साली ज्या शोधाला नोबेल मिळालं, तेच. पण ते त्याच्या रोगावरचं औषध नव्हतं, फक्त सूज आणि ताप उतरवायचं. दोन महिने मिळाले. लेगनी घाईघाईनं यंत्रसामग्री आणि माणसं जिनिव्हाला आणली आणि जुलैच्या दहाएक दिवसांत तिथल्या रेडिओच्या स्टुडिओत शोपँचे चौदा वॉल्ट्झ, बाख, मोझार्टचा ए मायनर सोनाटा, सगळं घेऊन टाकलं.

माझं मत विचाराल तर खरा लिपाटी या जुलैमध्ये आहे. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा नाच. शोपँच्या वॉल्ट्झवर नाचता येत नाही, पण पाय हलतोच. बहुतेक वादक उजव्या हाताच्या झिलईत रमतात. लिपाटीचा डावा हात ऐका. पहिली मात्रा जमिनीवर, दुसरी-तिसरी हवेत, आणि ती हवा प्रत्येक फेऱ्यात जराशी वेगळी. चांगला तबलजी ठेका धरतो तेव्हा त्यात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, पण तो उठून गेला की खोली रिकामी वाटते, तसं. चौदाही वॉल्ट्झचा क्रम त्यानं स्वतः लावला होता. छापील पुस्तकाप्रमाणे एक-दोन-तीन असं नाही. चवथ्यापासून सुरुवात आणि पुस्तकातला दुसरा सगळ्यांत शेवटी. रागमाला बांधावी तसे त्यानं ते ओवले होते.

औषधाचा असर उतरत चालला आणि सप्टेंबर आला. फ्रान्समधल्या बेझाँसाँच्या महोत्सवात मैफल आधीच ठरलेली. डॉक्टर नको म्हणाले. तो म्हणाला, कबूल केलंय. ताप होता, इंजेक्शनं देऊन आणला, जिना चढताना थांबत थांबत. आधी ती पट्ट्यांवरून फिरणारी झुळूक, मग बाख, मग मोझार्टचा तोच सोनाटा, शुबर्टचे दोन तुकडे, आणि शेवटी वॉल्ट्झ. एक, दोन, करत तेरा झाले. चौदावा, तो शेवटी ठेवलेला, त्याला वाजवता आला नाही. ताकद संपली. उठून आत गेला. थोड्या वेळानं परत आला, बसला, आणि बाखची ती प्रार्थना वाजवली. पॅरिसमध्ये पहिल्या मैफिलीला वाजवली होती, तीच. रेकॉर्डवर ती नाही. तेरावा वॉल्ट्झ, टाळ्या, आणि संपलं. अकरा आठवड्यांनी तो गेला.

ही गोष्ट एवढी नाटकात बसवल्यासारखी आहे की मला तिची भीतीच वाटते. पहिली मैफल आणि शेवटची मैफल, तीच प्रार्थना, मधला अपुरा वॉल्ट्झ. सांगताना माझ्याही गळ्यात येतंच. पण गळ्यात आलं की कान बंद होतात. बेझाँसाँच्या रेकॉर्डवर थकवा ऐकू येतो, एक-दोन ठिकाणी बोट चुकतं, आणि लोक त्यावरही डोळे पुसतात. वाजवणारा मरणार आहे हे कव्हरवर छापलेलं असतं ना! नाना ते कपाटावर ठेवायचे ते उगीच नाही.

आणि तरीही नाना स्वतः फसले. मला खरं म्हणजे आज हेच सांगायचं होतं.

नानांकडे लिपाटीची आणखी एक एलपी होती, शोपँच्या ई मायनर कन्चेर्टोची. ती साठच्या दशकात बाजारात आली. मैफिलीतलं एक जुनं मुद्रण सापडलं, त्यात लिपाटीचं वादन आहे, असं सांगून. जगभर वाहवा झाली. नानांनी ती जपून, क्लासमध्ये वर्षातून एकदाच लावायची रेकॉर्ड करून ठेवली होती. आमच्या क्लासमध्ये तेव्हा एक मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची, फार बोलायची नाही. त्या रविवारी आधी वॉल्ट्झ लावले, मग हा कन्चेर्टो. नावं अर्थातच सांगितली नव्हती. ती म्हणाली, "नाना, ही दोन माणसं आहेत."

"एकच आहे," नाना म्हणाले.

"डावा हात एका माणसाचा वाटत नाही."

नानांनी तिला परत ऐकायला लावलं. तिनं परत तेच सांगितलं. मग नाना चिडले. मी त्यांना चिडलेलं फार कमी पाहिलं. त्यांनी कपाटावरून दोन्ही कव्हरं काढली आणि तिच्यासमोर धरली. "वाच. काय लिहिलंय?" तिनं वाचलं. मान खाली घातली. पुढच्या महिन्यात ती रेकॉर्डच्या रविवारी आली नाही. पेटी मात्र शिकत राहिली.

१९८१ साली इंग्लंडात उघडकीला आलं की त्या रेकॉर्डवर लिपाटी नाहीच. ते वादन पोलंडच्या हालिना चेर्नी-स्तेफान्स्का यांचं होतं, चेक वाद्यवृंदाबरोबर पन्नासच्या दशकात निघालेल्या एका रेकॉर्डवरचं, जसंच्या तसं. कुणा श्रोत्यानं रेडिओवर ऐकून दोन्ही सारखीच आहेत हे ओळखलं आणि मग तपासलं गेलं. लिपाटीचं त्याच कन्चेर्टोचं खरं मुद्रण नंतर सापडलं, झुरिकमधलं, फेब्रुवारी १९५० चं. या चेर्नी-स्तेफान्स्का काही ऐऱ्यागैऱ्या नव्हेत. १९४९ च्या शोपँ स्पर्धेत पहिल्या क्रमांकाच्या मानकरी. त्यांच्या हयातीत, त्या वाजवत असताना, त्यांच्या वाजवण्याबद्दलची स्तुती पंधराएक वर्षं एका मेलेल्या माणसाच्या खात्यात जमा होत होती. समीक्षकांनी त्यात मृत्यूची चाहूल ऐकली, हळवेपणा ऐकला. आणि वाजवत होती ती एक ठणठणीत, नुकतीच जग जिंकून आलेली बाई.

आमच्यापर्यंत ही बातमी यायला आणखी सात-आठ वर्षं लागली. मला ती मुंबईत एका वाचनालयात जुन्या इंग्रजी मासिकात दिसली. पान झेरॉक्स करून घेतलं आणि संध्याकाळी नानांकडे गेलो. काकू कांदेपोहे करत होत्या. नानांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. मला वाटलं कंपनीला शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "ती आता कुठे असते रे?"

ती लग्न होऊन कल्याणला, खडकपाड्याच्या बाजूला राहत होती. पुढच्या रविवारी नाना लोकलनं कल्याणला गेले, बरोबर मी. हातात त्या एलपीचं कव्हर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दार तिनंच उघडलं, कडेवर मूल. नाना उभ्या उभ्याच म्हणाले, "तू बरोबर होतीस. दोन माणसं होती." तिला आठवेनाच. मग आठवलं. ती हसली आणि म्हणाली, "नाना, मला तेव्हाही खात्री होती. पण छापलं होतं ना." तिनं चहा केला. रेकॉर्ड नानांनी तिला देऊन टाकली. वर पेनानं लिपाटीचं नाव खोडून दुसरं नाव लिहिलं होतं, मराठीत, कारण इंग्रजी स्पेलिंगवर त्यांचा भरवसा नव्हता. परत येताना गाडीत ते फारसं बोलले नाहीत. ठाकुर्ली गेल्यावर एवढंच म्हणाले, "मी तीनशे वेळा ऐकली असेल ती."

त्यानंतर नानांनी क्लासमधली पद्धत थोडी बदलली. कव्हर स्वतःही बघायचे नाहीत. रेकॉर्डी सगळ्या साध्या पांढऱ्या पाकिटांत, काकूंनी क्रम बदलून ठेवलेल्या. कोणती लागणार ते त्यांनाही ठाऊक नसायचं. कधीकधी ते चुकायचे, आणि चुकले की विद्यार्थ्यांपेक्षा जास्त खूश व्हायचे.

माझी वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलंय. पण आयोजकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटची वीस मिनिटं मला बोलायला नकोत. दोन ध्वनिमुद्रणं आणली आहेत. त्याच कन्चेर्टोचा मधला, संथ भाग. एक लिपाटीचं, झुरिकमधलं. एक चेर्नी-स्तेफान्स्कांचं. कोणतं आधी लागेल ते मला माहीत नाही, माझ्या मुलीनं पेनड्राइव्हवर फक्त 'एक' आणि 'दोन' असं लिहून दिलंय. मागे ध्वनियंत्रणेशी बसलेल्या दादांना विनंती, जरा ते पंखे बंद करा. थोडा वेळ उकडेल. आणि ज्यांच्या मोबाइलवर शोधून काढायची इच्छा होतेय, त्यांनी तो खिशात ठेवावा.

लावा, दादा. एक.